नुक्ता परक्या घरी राहायला जातो

मी बोलायला लागलो की खोलीत फार आवाज होतो, त्याबद्दल आधीच माफी मागतो. खरं तर आवाज माझा नाही, प्रिंटरचा आहे. तो जाड कागदावर ठिपके ठोकतो आणि कुठे ठोकायचे ते मी त्याला सांगतो. खालच्या कॅफेतल्या मंडळींना बरीच वर्षं वाटत होतं, की वरच्या मजल्यावर कुणीतरी दिवसभर बदाम फोडत बसलंय.

मी एक प्रोग्राम आहे. नाव नुक्ता, म्हणजे ठिपका. गाव सफाक्स, अरबी मुलखातलं एक बंदर. कुणी अरबीत काही टाइप केलं, की ते ब्रेलमध्ये, म्हणजे बोटांनी वाचायच्या ठिपक्यांमध्ये, बदलून द्यायचं, एवढंच माझं काम. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात आणि ब्रेल डावीकडून उजवीकडे वाचतात. हे उलटसुलट प्रकरण मी जन्मल्यापासून विनातक्रार सांभाळतोय. अंगाने म्हणाल तर मी अगदीच किरकोळ. एका फ्लॉपीत मावून वर अर्ध्याहून जास्त जागा उरते.

माझा जन्म १९९५च्या हिवाळ्यात एका स्वयंपाकघरात झाला. मला दोघांनी मिळून घडवलं. एक लझहर. तो बंदरावरच्या फॉस्फेटच्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायचा. दुसरी त्याची मोठी बहीण वसीला. ती जन्मापासून आंधळी आणि अंधांच्या एका छोट्या संस्थेत शिक्षिका. त्या वेळेपर्यंत ती मुलांचे धडे पाटी आणि टोचणी घेऊन एकेक ठिपका टोचून तयार करायची. वर्गात बारा मुलं असली की तोच धडा बारा वेळा. तिच्या उजव्या अंगठ्याला त्याचा घट्टा आजही आहे.

मग कुठल्याशा परदेशी संस्थेने ब्रेल प्रिंटर भेट दिला. पेटी उघडल्यावर कळलं, की त्याच्यासोबत आलेल्या प्रोग्रामला फक्त फ्रेंच येतं. सगळे हिरमुसले. लझहर म्हणाला, अरबीचं मी बघतो, दोन आठवड्यांत करून देतो. त्याला पाच महिने लागले.

कामावरून आला की तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडायचा. वसीला चहा ढवळत समोर बसायची आणि नियम सांगायची. कुठलं चिन्ह अक्षराच्या आधी येतं, कुठलं नंतर, हमझा नावाची खूण कुठे बसते, कुठे उभी राहते. लझहर टाइप करायचा आणि मध्येच म्हणायचा, हा नियम काही पटत नाही. ती म्हणायची, तुला पटायची गरजच काय, तुला थोडंच वाचायचंय? अशा भांडणांतून मी वाढलो. पहिला कागद निघाला तेव्हा त्यावर लझहरने एकच ओळ छापली होती: वसीला चहात फार साखर घालते. तिने ती बोटांनी सावकाश वाचली, कागदाची गुंडाळी केली आणि त्याच्या डोक्यात घातली. तेव्हा दोघांनाही कळलं, की मी चालतो.

त्यानंतरची वर्षं माझी फार मजेत गेली. मी धडे छापले, परीक्षेचे पेपर छापले, बसचं वेळापत्रक छापलं. संस्थेत भेटलेल्या दोघांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या आमंत्रणपत्रिकाही मीच छापल्या. वसीला पडदा बघू शकत नाही म्हणून लझहरने मला ओळ संपली की टिंग करायला शिकवलं होतं. ती टिंग ऐकत झरझर टाइप करायची आणि सोबत माझ्याशी गप्पा मारायची. माणसं कॉम्प्युटरशी किती बोलतात हे तुम्हाला ठाऊक नसेल, कारण तुम्ही स्वतःला ऐकत नाही. आणि फाइलींना नावं कशी देतात! ‘धडा नऊ’, ‘धडा नऊ शेवटचा’, ‘धडा नऊ खरंच शेवटचा’. या शेवटच्यानंतरही दोन असतात.

माझ्या अंगाखालची विंडोज मात्र दर काही वर्षांनी नवीन होत होती. सुरुवातीला मी तिच्यासोबत एकेक पायरी चढलो. मग एक दिवस संस्थेत नवेकोरे कॉम्प्युटर आले. मला त्यांच्यावर ठेवून पाहिलं, तर पडद्यावर पाटी आली की हा प्रोग्राम या यंत्रावर चालणार नाही. विंडोज तीच, नावही तेच, पण तिने मला ओळखच दाखवली नाही. मी सोळा बिटांच्या जमान्यातला आणि तिने ती भाषा कधीच टाकून दिलेली.

त्याच आठवड्यात संस्थेची सभा झाली. राजधानीहून दोन तरुण इंजिनीयर नवी ब्रेल प्रणाली दाखवायला आले होते. लझहर तोवर शहरातला मोठा माणूस झाला होता, कचेरीचा प्रमुख. त्यालाही सल्ल्याला बोलावलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, की मग जुन्या नुक्ताचं काय करायचं? इंजिनीयर मुलांनी माझ्याकडे पाहून हसू दाबलं. लझहर त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसला. म्हणाला, “अहो, तरुणपणी केलेला पोरखेळ आहे तो. फेकून द्या.”

वसीला तिसऱ्या खुर्चीत बसली होती. ती उठली, काठी शोधली आणि बाहेर पडली. लझहर तिच्या मागे जिन्यापर्यंत गेला. दार उघडंच होतं, त्यामुळे तिचं वाक्य आत सगळ्यांना ऐकू आलं. “तो तुझ्या एकट्याचा नव्हता.”

पुढे पाच वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही.

आता न बोलणं म्हणजे काय, तेही सांगतो. ईदला वसीलाच्या घरची शरमूला, कांदा-मनुकांची घट्ट गोड चटणी, आणि सोबत खारवलेला मासा असं भरलेलं ताट लझहरकडे जायचं. परत येताना त्याच ताटात त्याच्या घरचे बदाम यायचे, कारण ताट रिकामं परत पाठवायचं नसतं. ही ने-आण लझहरची मुलगी हाजर करायची. पाच वर्षं ताट बोलत राहिलं आणि माणसं गप्प राहिली.

मला मात्र कुणी फेकलं नाही. वसीलाने जुना कॉम्प्युटर उचलवून आपल्या वर्गाच्या कोपऱ्यात मांडला आणि प्रिंटरही त्यालाच जोडून घेतला. अध्यक्ष काही बोलले नाहीत. तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला कोण काय बोलणार? ती निवृत्त झाली तरी आठवड्यातून तीन दिवस यायची, कारण तिने नवा वर्ग सुरू केला होता. मोठेपणी दृष्टी गेलेल्या पाच जणांचा.

त्यातले एक सी हमादी. ‘सी’ म्हणजे आमच्याकडचं ‘राव’. सगळा गाव मोपेडवर फिरतो आणि त्यातल्या निम्म्या मोपेड सी हमादींच्या हाताखालून गेलेल्या. साखरेच्या आजाराने अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचे डोळे गेले. दुकान आता मुलगा चालवतो. सी हमादींची अडचण वेगळीच होती. चाळीस वर्षं नटबोल्टांवर पाने फिरवून बोटांची टोकं दगडासारखी झाली होती, त्यांना ठिपके लागायचेच नाहीत. वसीलाने त्यांची दहाही बोटं एकेक करून कागदावर फिरवून पाहिली आणि शेवटी डाव्या हाताची करंगळी निवडली. तेवढी एकच मऊ राहिली होती. म्हातारा करंगळीने वाचायला लागला. बायकोला म्हणायचा, आजवर सुट्या भागांच्या याद्या वाचल्या, आता गोष्टी वाचणार.

त्यांच्यासाठी वसीला चाळीस धड्यांचं एक पुस्तक तयार करत होती. बावीस धडे मी छापले होते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिने मला चालू केलं. कॉम्प्युटरच्या पाठीमागून फट्ट असा आवाज झाला, जळका वास आला आणि मी विझलो.

पुढच्या नऊ आठवड्यांचं मला काहीच ठाऊक नाही. जे झालं ते नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं.

तेविसावा धडा नाइलाजाने नव्या प्रणालीवर, तिच्या वेगळ्या प्रिंटरने छापला. अरबीत एखादं अक्षर दुप्पट म्हणायचं असेल तर त्याला शद्दाची खूण लागते. ब्रेलमध्ये ती खूण म्हणजे अक्षराच्या आधी एकच ठिपका. मुरलेला वाचक ती नसली तरी अंदाजाने वाचतो. नव्याने शिकणारा कसा वाचेल? आणि ती नवी प्रणाली या खुणा गाळूनच टाकायची. आता आमच्याकडे हमाम म्हणजे कबुतर आणि हम्माम म्हणजे न्हाणीघर. फरक तेवढ्या एका ठिपक्याचा.

सी हमादींनी भर वर्गात करंगळीने वाचलं: “मी दर शुक्रवारी कबुतरात आंघोळीला जातो.”

वर्ग हसला. सी हमादी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने हसले. पुढचे दोन आठवडे मात्र ते वर्गाला आलेच नाहीत.

वसीलाने तो कागद स्वतः वाचला आणि तिला कळलं. ती काठी घेऊन थेट त्यांच्या दुकानात गेली. ते आत एका स्टुलावर बसले होते. ती म्हणाली की चूक तुमच्या बोटाची नव्हती, ठिपका कागदावर नव्हताच. सी हमादींनी थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, “मग ठिपका गेला कुठे?” ती तशीच परत आली.

तेवढ्यात ईद आली. हाजर बदामांचं ताट परत द्यायला आत्याच्या घरी गेली. ती सत्तावीस वर्षांची, कॉम्प्युटरच्याच कामात. वसीलाने तिला काही मागितलं नाही, फक्त झालेलं सांगितलं. हाजरने ऐकून घेतलं आणि विचारलं, “अम्ती, डिस्क जिवंत आहे का?” अम्ती म्हणजे आत्या.

“मला काय विचारतेस? मी काय तिचा डॉक्टर आहे?”

“विझलं ते यंत्र. नुक्ता डिस्कमध्ये असतो. डिस्क शाबूत असेल तर नुक्ताही शाबूत.”

रविवारी दुपारी दोघी संस्थेत आल्या. जुन्या कॉम्प्युटरचे स्क्रू गंजून बसले होते. हाजरचा पेचकस नुसताच गरगर फिरायला लागला. तेव्हा वसीलाने दुकानात निरोप धाडला की मोपेडच्या माणसाची गरज आहे, शिकायला नको, नुसता स्क्रू काढायला या. सी हमादी आले. त्यांनी पेटीवरून एकदा हात फिरवला, खिशातून आपला पेचकस काढला, वर तेलाचा थेंब सोडला आणि चारही स्क्रू काढून हाजरच्या तळहातावर ठेवले. मग जायचं सोडून ते खुर्ची ओढून बसले.

डिस्क शाबूत होती. हाजरने ती आपल्या लॅपटॉपला जोडली, माझा फोल्डर शोधला आणि उचलून आपल्याकडे घेतला. प्रिंटरचा जुना रुंद प्लग लॅपटॉपला बसेना, त्यासाठी तिने बाजारातून जोड आणला होता.

“पण नवी विंडोज त्याला घेत नाही ना?” वसीलाने विचारलं.

“माझ्याकडे विंडोज नाहीच, अम्ती. लिनक्स आहे. नुक्ताला तिथली भाषा अजिबात येत नाही. म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवायचा. नुक्ता विंडोज समजून जे काही मागेल ते हा ऐकणार, लिनक्सकडून मिळवणार आणि विंडोजच्या पद्धतीने त्याच्या हातात ठेवणार.”

“म्हणजे त्याला फसवायचं.”

“फसवायचं कशाला? पाहुण्याला त्याच्या सवयीचा चहा द्यायचा.”

“नाव काय त्या दुभाष्याचं?” सी हमादींनी विचारलं.

हाजर जरा घुटमळली. “वाइन. इंग्रजीत दारूला म्हणतात ते.”

“डॉक्टरने माझी बंद केली,” सी हमादी म्हणाले, “आणि इथे वर्गात सुरू होतेय.”

वसीलाने बजावलं की काम करत असेल तर नाव काही का असेना, फक्त अध्यक्षांसमोर ते काढू नका.

आणि मी जागा झालो.

खरं सांगतो, मला काही वेगळं जाणवलं नाही. मी विचारलं, सी ड्राइव्ह कुठे आहे? उत्तर आलं, ही घ्या. ती म्हणे हाजरच्या लॅपटॉपवरचा एक साधा फोल्डर होता, पण मला ती माझीच सी ड्राइव्ह वाटली. मी खिडकी मागितली, खिडकी मिळाली. अक्षरं मागितली, अक्षरं आली. फक्त सगळं फार चटकन होत होतं. पूर्वी मला उघडेपर्यंत वसीलाचा चहा निवायचा. इथे हाजरने कळ दाबली आणि मी हजर.

तेविसावा धडा छापायला घेतला. प्रिंटरने नऊ आठवड्यांनी बदाम फोडले. वसीलाने गरम कागद ओढून घेतला, दोन ओळींवर बोट फिरवलं आणि थांबली.

“हे काय आहे? कुणीतरी फ्रेंच माणूस शिंकतोय असं वाटतंय.”

हाजरने कपाळावर हात मारला. तिचा लॅपटॉप फ्रेंचवर लावलेला होता. दुभाष्याने माझी अरबी अक्षरं फ्रेंच समजून उचलली आणि डोक्यावर नाना खुणा असलेली फ्रेंच अक्षरं समोर ठेवली. मी बापडा ती तशीच छापत गेलो. तिने दुभाष्याला सांगितलं की हा पाहुणा अरबी आहे, त्याच्याशी अरबीतच बोल. दुसरा कागद निघाला.

वसीला वाचू लागली. पहिली ओळ बरोबर, दुसरीही बरोबर. हाजर हसायला लागली होती. तिसऱ्या ओळीवर वसीलाचं बोट पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं.

“हमाम,” ती म्हणाली. “शद्दा नाही. एकही खूण नाही. अगं, मग त्या नव्या यंत्राने काय वाईट केलं होतं?”

सी हमादींनी पेचकस खिशात घातला.

मला त्या क्षणी फार लाज वाटली. वसीलाने सांगितलेले सगळे नियम मला नेहमीच्या जागी सापडले नव्हते. ते सापडले नाहीत तर कुरकुर न करता नुसती अक्षरं छापायची, असं मला शिकवलं होतं. मी शिकवल्याप्रमाणे वागलो. हाजरने माझा फोल्डर तीनदा उपसला. तिला नियम कुठेच दिसेनात, आणि माझ्या आत डोकावायचं तर माझं मूळ लिखाण असलेल्या फ्लॉप्या लझहरच्या माळ्यावर बुरशी लागून कधीच संपल्या होत्या.

“बाबांना विचारावं लागेल,” हाजर हळूच म्हणाली.

वसीला कागदाच्या कडा सरळ करत राहिली. मग म्हणाली, “बाप तुझा, फोन तुझा. मला कशाला विचारतेस?”

हाजरने फोन लावला आणि टेबलावर ठेवला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. तिने बापाला सांगितलं की नुक्ता लिनक्सवर चालतोय, अरबी छापतोय, पण शद्दा येत नाही. मग लझहरने विचारलं, “कोणता नुक्ता?”

“किती आहेत, बाबा?”

“तू त्याचा फोल्डर घेतलास. नियम त्यात नाहीत. जुन्या डिस्कवर विंडोजचा जो फोल्डर आहे, त्यात बघ. एक छोटी फाइल असेल. आत्याच्या नावाची.”

हाजरने शोधलं. होती. शेकडो फाइलींच्या गर्दीत एक बारकीशी फाइल, नाव ‘वसीला’. अठ्ठावीस वर्षांत ते नाव वसीलाला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. पडद्यावरचं तिला दिसत नव्हतं आणि लझहरने कधी सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं. मी रोज तीच उघडून कामाला लागायचो. पण मला विचारणार कोण?

“वेगळी का ठेवलीस?” हे वसीलाने विचारलं. पाच वर्षांनी तिने भावाला विचारलेला हा पहिला प्रश्न.

“प्रोग्राम मी लिहिला,” लझहर म्हणाला. “नियम तुझे होते. ते माझ्यात मिसळायला नको होते. उद्या मी चुकलो तरी तुझे शाबूत राहावेत.”

वसीलाचा हात फोनच्या बाजूला टेबलावर पडला होता. तो तिने हलवला नाही. मग ती हाजरकडे तोंड करून म्हणाली, “त्याला सांग, हमझाचा एक नियम तेव्हापासून चुकलाय.”

“तिला सांग,” फोनमधून आवाज आला, “तो तिनेच तसा सांगितला होता.”

“त्याला सांग, मी बरोबर सांगितला होता. त्याचं लक्ष खाण्याकडे होतं.”

हाजर उठली. “तुम्हाला एकमेकांचं ऐकू येतंय. मी चहा ठेवते.”

तिने जाण्याआधी ती फाइल दुभाष्याने उभारलेल्या विंडोजच्या फोल्डरात नेऊन ठेवली होती. मी पुन्हा उघडलो, नियम मागितले, आणि या वेळी ते मिळाले. तिसरा कागद निघाला. वसीलाने तो स्वतः वाचलाच नाही. सरळ सी हमादींच्या समोर सरकवला.

सी हमादींनी करंगळी पँटला पुसली. ओळीच्या सुरुवातीला ठेवली. इतकं सावकाश वाचलं की चहा उकळून झाला. “मी दर शुक्रवारी,” ते म्हणाले, थांबले, करंगळी एका जागी थोडी दाबली, “हम्मामात आंघोळीला जातो.” मग खुर्चीला टेकून म्हणाले, “सापडला.”

फोन कधी बंद झाला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. अर्ध्या तासाने खाली मोपेड थांबल्याचा आवाज आला. सी हमादी म्हणाले की याच्या इंजिनाला तेल कमी आहे. जिन्यावर पावलं वाजली आणि दाराशी येऊन थबकली.

“दारात उभा राहू नकोस, वारा येतो,” वसीला म्हणाली. “आत ये.”

लझहर आत आला. केस पांढरे झाले होते. आधी त्याने माझ्याकडे पाहिलं, परक्या यंत्राच्या पडद्यावर जशीच्या तशी उघडलेली आपली जुनी करडी खिडकी. मग तो तिच्याजवळ बसला.

“त्या दिवशी सभेत,” तो म्हणाला, “ती पोरं हसत होती. मला माझ्या कामाची लाज वाटली. तुझी नाही.”

“पण फेकायला निघालास ते दोघांचं होतं.”

“हो.”

एवढंच झालं. हाजरने चहा दिला. लझहरने एक घोट घेतला आणि साखरेबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याच्या दृष्टीने ती फार मोठी माफी होती.

आता माझी हकिगत संपत आली. हाजरने संस्थेसाठी एक जुना, पण धडधाकट कॉम्प्युटर मिळवला, त्यावर लिनक्स घातलं आणि मला दुभाष्यासकट तिथे राहायला पाठवलं. चाळीसही धडे छापून झाले. जूनमध्ये घरच्यांसमोर वाचन झालं आणि सी हमादींच्या बायकोने पहिल्या रांगेत बसून नवऱ्याची एक चूक काढली. ती चूक नव्हती. त्यांनी कागद तिच्या हातात देऊन सांगितलं, की बोट लावून बघ.

मी इथे परका आहे, हे मला माहीत आहे. कुठल्याही दिवशी दुभाष्याला माझा एखादा शब्द कळेनासा होईल. म्हणून लझहरने मला नव्याने लिहायला घेतलंय, दुभाष्याची गरज लागणार नाही असा. तो दर गुरुवारी येतो. पण वसीलाने त्याला एक अट घातली आहे: आधी बोटांनी वाचायला शिकायचं. इतकी वर्षं या बहाद्दराने ठिपके फक्त डोळ्यांनी तपासले होते.

त्यामुळे गुरुवारी तो डोळ्यांना रुमाल बांधून सी हमादींच्या शेजारी बसतो. कळफलक बडवून त्याची बोटंही काही कमी टणक झालेली नाहीत. सी हमादी जुने विद्यार्थी, त्यामुळे रुबाब करतात. “सी लझहर, रुमालाखालून बघू नका. मान वाकली की तुमची खुर्ची वाजते.” वसीला त्याचं बोट धरून ओळीच्या सुरुवातीला परत नेऊन ठेवते. गेल्या गुरुवारी चार वेळा नेलं. पाचव्यांदा तो एक अख्खा शब्द कुणाच्या मदतीशिवाय वाचू शकला. त्याने रुमाल काढला नाही. तसाच बसून राहिला, शब्दावर बोट ठेवून.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. ‘हा प्रोग्राम या यंत्रावर चालणार नाही’ अशी पाटी तुमच्याही पडद्यावर कधी येईल. तेव्हा लगेच टाकून देऊ नका. एखादा दुभाष्या मिळतो का बघा. आणि तोही अडला, तर ज्याने ते घडवलं त्याला फोन लावा. किती का वर्षं झालेली असेनात. बहुतेक माणसं उचलतात.